परभृत पक्ष्यांची पिल्ले आणि पक्षी ओळखणारे ॲप: एक परीक्षण

छायाचित्रावरून पक्ष्याचे नाव सांगणारी ॲप आता पक्षीनिरीक्षकांच्या फोनवर सर्रास असतात आणि पूर्ण वाढलेल्या, उजेडात बसलेल्या पक्ष्याच्या बाबतीत त्यांचे उत्तर बहुतेक वेळा बरोबर येते. त्यामुळे अशा एका ॲपचे परीक्षण करताना त्याला सोपे प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता. परक्या घरट्यात अंडी घालणाऱ्या, म्हणजे परभृत पक्ष्यांची पिल्ले मी यासाठी मुद्दाम निवडली. कोकीळ, पावशा, कुक्कू, अमेरिका खंडांतले काउबर्ड यांची पिल्ले घरट्याबाहेर पडतात तेव्हा त्यांच्याजवळ त्यांच्या जातीचा प्रौढ पक्षी सहसा नसतो. शेजारी असतो तो वेगळ्याच जातीचा, कित्येकदा आकाराने लहान असलेला यजमान पक्षी. पिल्लाचा पहिला पिसारा जन्मदात्यांसारखा नसतो, आणि तो पुरता ओळखीचा होण्याआधीच झडू लागतो. ज्या पिल्लाचा पिसारा आईबापांशी जुळत नाही आणि ज्याच्या आजूबाजूचे पक्षी दिशाभूल करतात, त्याला ॲप ओळखू शकले तर त्याला खरोखर पिसे वाचता येतात असे म्हणता येईल. ॲपचे नाव मी येथे देत नाही. पुढे सांगितलेल्या उणिवा या प्रकारच्या कोणत्याही सेवेत तपासून पाहण्यासारख्या आहेत.

वापर सोपा आहे. छायाचित्र निवडायचे, पक्ष्याभोवती चौकट आखायची, तारीख आणि ठिकाण द्यायचे, की संभाव्य प्रजातींची यादी येते आणि प्रत्येक नावाखाली नमुन्याची काही छायाचित्रे दिसतात. नेटवर्क नसतानाही ओळख चालते, ही मोठीच सोय आहे. याबद्दल आणखी लिहिण्यासारखे काही नाही. खरी परीक्षा यादीच्या आशयाची आहे.

घरट्यातल्या अवस्थेपासून सुरुवात करू. कुक्कूचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याच्या अंगावर लव नसते, डोळे मिटलेले असतात, आणि तशाच स्थितीत ते यजमानाची अंडी किंवा पिल्ले पाठीवर घेऊन घरट्याबाहेर ढकलते. नंतर नळीसारख्या आवरणात गुंडाळलेली पिसे त्वचेतून वर येतात आणि काही दिवस पिल्लू काटेरी दिसते. या अवस्थेतल्या छायाचित्रांवर ॲपने सरळ ‘ओळख शक्य नाही’ असे उत्तर दिले आणि सोबत घरट्याजवळ जाऊन छायाचित्रे काढू नयेत अशी सूचनाही दाखवली. हे उत्तर मला योग्य वाटले. उघड्या त्वचेवरून अंदाज बांधणे किती फसवे ठरू शकते हे ऑस्ट्रेलियातील ब्रॉन्झ कुक्कूंवरून कळते. तिथल्या लिटल ब्रॉन्झ कुक्कूच्या पिल्लाची त्वचा काळी असते आणि तिच्यावर पांढरट लव असते. त्याचा यजमान असलेल्या जेरिगोन पक्ष्याची पिल्लेही तशीच असतात. तिथे यजमान पक्षी आपल्या घरट्यातले परके पिल्लू ओळखून उचलून बाहेर टाकतात, म्हणून पिल्लाला पिसे फुटण्याआधीच नक्कल करावी लागते. जिथे खुद्द यजमान फसतो तिथे ॲपने गप्प राहणे बरे.

घरट्याबाहेर पडलेल्या पिल्लांपासून मात्र ॲप बोलू लागते आणि तिथेच त्याचे गुणदोष उघडे पडतात.

पहिली अडचण शेपटीची आहे. कुक्कूचे पिल्लू साधारण वीस दिवसांनी घरटे सोडते, तेव्हा त्याची शेपटी आणि पंखांची टोके अजून वाढतच असतात. यजमान त्याला पुढे आणखी दोन-तीन आठवडे भरवत राहतो. आखूड शेपटीच्या या पिल्लाचा एकूण घाट कुक्कूसारखा लांब, निमुळता दिसत नाही, आणि ॲपचा भर प्रामुख्याने घाटावर असल्यामुळे यादीत भलत्याच कुळांची नावे वर येतात. तेच पिल्लू शेपटी पूर्ण वाढल्यावर दाखवले की कुक्कू पहिल्या क्रमांकावर येतो. वास्तविक दोन्ही छायाचित्रांत ओळखीची खूण तीच असते: मानेच्या मागे पांढरा ठिपका, आणि पाठीवरच्या व पंखांवरच्या पिसांना बारीक पांढऱ्या कडा. ही खूण कुक्कूच्या तांबूस रंगाच्या मादीपासून पिल्लाला वेगळे काढते, कारण तांबूस मादीला मानेवरचा तो पांढरा ठिपका नसतो. समोरून काढलेल्या छायाचित्रात मान दिसत नाही, आणि ॲप ‘मागून काढलेले छायाचित्र आहे का?’ असे विचारत नाही. एवढा एक प्रश्न विचारला असता तर निम्मा गोंधळ तिथेच मिटला असता.

कोकिळेच्या पिल्लावर ॲपचा वापर करताना फार बारकाईने पाहावे लागले, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. प्रौढ नर निळसर हिरवट चमक असलेला काळा, मादी तपकिरी आणि पांढऱ्या ठिपक्यांची, दोघांचेही डोळे लालभडक. दक्षिण आशियात कावळ्याच्या घरट्यात वाढलेल्या पिल्लाचे डोके आणि पाठ काळपट असते, नर असो वा मादी. डोळे अजून लाल झालेले नसतात, चोच गडद असते, आणि पंख झाकणाऱ्या लहान पिसांच्या टोकांना पिवळट पांढऱ्या कडा असतात. ॲपला हे छायाचित्र दाखवले की ते आधी कावळा सुचवते, मग कोकीळ, आणि कोकिळेच्या नावाखाली जी नमुना छायाचित्रे दिसतात ती सगळी प्रौढ नराची किंवा ठिपकेदार मादीची असतात. पाहणारा नवखा असेल तर हातातल्या पक्ष्याशी त्यांपैकी एकही जुळत नसल्यामुळे तो कावळ्यावरच बोट ठेवेल. म्हणजे यादीत बरोबर उत्तर असूनही उपयोग होत नाही.

याच पक्ष्याचे काही आठवड्यांनंतरचे छायाचित्र मोठे करून पाहिले तर काळ्या रंगातच दोन प्रकारचे काळे दिसतात. जुनी पिसे काजळीसारखी निस्तेज, कडा झिजलेल्या, पोत सैल. आणि त्यांच्यामधून वर आलेली नवी पिसे घट्ट, चकचकीत, कलत्या उजेडात निळसर झाक मारणारी. पंखांवर अजून काही जुनी ठिपकेदार पिसे शिल्लक असतात. हा तरुण नर आहे आणि त्याचा पहिला पीसबदल चालू आहे, हे या दोन काळ्यांच्या सीमेवरून निःसंशय सांगता येते. ॲपने त्याच छायाचित्रावर ‘मादी किंवा अपरिपक्व’ असे लिहिले. कारण शोधल्यावर ध्यानात आले की छायाचित्र पाठवताना ॲप त्याचा आकार आपोआप कमी करते, आणि पिसांचा पोत दाखवणारे नेमके तेच तपशील त्यात पुसले जातात. पक्ष्याभोवतीची चौकट खांद्यापुरती लहान आखली की उत्तर सुधारते. ॲपच्या माहितीपत्रात हे कुठेही सांगितलेले नाही, पण वापरणाऱ्याने ते आवर्जून करावे.

पोताचा मुद्दा फक्त कोकिळेपुरता नाही. घरट्यातल्या पिल्लाला थोड्या दिवसांत सगळा पिसारा एकदम उभा करावा लागतो. म्हणून पहिल्या पिसाऱ्यातली पिसे प्रौढ पिसांपेक्षा विरळ आणि मऊ असतात, विशेषतः मानेवर, पाठीवर आणि शेपटीखाली. शेपटीची सगळी पिसे एकाच वेळी वाढल्यामुळे त्यांच्यावरचे वाढीचे पुसट आडवे पट्टे एका ओळीत येतात. प्रौढ पक्ष्यात ही पिसे मागेपुढे उगवतात, म्हणून तिथे पट्टे एका ओळीत जुळत नाहीत. पक्ष्यांच्या पायांत ओळखीची वळी घालणारे अभ्यासक वय ठरवताना या खुणा पाहतात. फोनवरच्या छायाचित्रातून ॲपने इतके पाहावे ही अपेक्षा जास्त आहे हे मान्य, पण निदान मूळ आकारातले छायाचित्र तरी त्याने वापरावे.

कोकिळेच्या बाबतीत आणखी एक घोळ ॲपच्या संग्रहात आहे. ऑस्ट्रेलियातील कोकिळेची पिल्ले काळी नसतात. ती मादीसारखी तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांची असतात, कारण तिथे त्यांना वाढवणारे पक्षी कावळे नसून वॉटलबर्डसारखे मध खाणारे पक्षी असतात. तिथली कोकीळ आता सामान्यतः वेगळी प्रजाती मानली जाते. पूर्वी या सगळ्यांना एकच समजत. ॲपने नमुना छायाचित्रांत दोन्हीकडची पिल्ले एकत्र ठेवली आहेत. पिल्लाचा काळा रंग कावळ्याच्या नजरेसाठी आहे असे काही अभ्यासकांना वाटते. ते बरोबर असो वा नसो, आशियातल्या निरीक्षकापुढे ऑस्ट्रेलियातले तपकिरी पिल्लू नमुना म्हणून ठेवणे ही सरळ चूक आहे आणि ती सुधारणे अवघडही नाही.

पावशाच्या बाबतीत ॲप ज्या प्रकारे चुकले ते मला सगळ्यांत उद्बोधक वाटले. प्रौढ पावशा राखाडी, छातीवर तांबूस छटा, शेपटीवर पट्टे, असा हुबेहूब शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखा दिसतो. पण नक्कल तिथे थांबत नाही: पावशाचे पिल्लू पाठीवर तपकिरी आणि छातीपोटावर तपकिरी रेघांचे व बाणाग्रासारख्या खुणांचे असते, आणि शिक्र्याचे पिल्लूही तसेच असते. म्हणजे नक्कल करणाऱ्याच्या दोन्ही वयांचा पिसारा ज्याची नक्कल करायची त्याच्या दोन्ही वयांशी जुळतो. ॲपने तरुण पावशाला जवळजवळ प्रत्येक वेळी शिक्रा ठरवले आणि त्याबद्दल त्याची खात्रीही भरपूर होती. पिसांकडे पाहून दुसरे काही म्हणणे कठीणच आहे. उत्तर पिसांबाहेर शोधावे लागते. शिक्र्याची चोच आखूड आणि आकडीदार असते, पावशाची सडपातळ. शिक्र्याच्या पायांना तीन बोटे पुढे, एक मागे आणि टोकदार नख्या असतात. पावशाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे. ही खूण यादीच्या शेजारी एका ओळीत देता आली असती. ‘साम्य असलेल्या प्रजाती’ या विभागात प्रौढ पावशा आणि प्रौढ शिक्रा यांची तुलना आहेही, पण पिल्लांची नाही. वास्तविक लोक गोंधळतात ते पिल्लांच्या बाबतीत, कारण प्रौढ पावशा ओरडून आपली ओळख सांगतो.

जिथे ॲप खरोखर उत्तम चालले तेही सांगितले पाहिजे. भूमध्य सागराभोवतीच्या प्रदेशांत आणि आफ्रिकेत आढळणारा ग्रेट स्पॉटेड कुक्कू हा त्याचा हातखंडा विषय दिसतो. प्रौढाच्या डोक्यावर राखाडी टोपी असते, पिल्लाची टोपी काळी असते, आणि पिल्लाच्या पंखांच्या टोकाकडची मोठी पिसे विटकरी तांबूस असतात, जी उडताना लगेच नजरेत भरतात. यजमान मॅगपाय शेजारी बसलेला असूनही ॲपने पिल्लाला अचूक ओळखले आणि ‘अपरिपक्व’ असे वयही बरोबर दिले. पीसबदल पूर्ण होईपर्यंत पंखात राहिलेल्या तांबूस पिसांवरून अशा पक्ष्याचे वय पुढेही सांगता येते. रंगाची एखादी ठळक खूण असली की ॲपचे काम फत्ते होते, एवढा निष्कर्ष यातून काढता येतो. ग्रेटर हनीगाइडच्या पिल्लाच्या बाबतीतही तेच: प्रौढ नराचा गळा काळा आणि गाल पांढरा, तर पिल्लाचा गळा व छाती पिवळी, आणि ॲपला ते चटकन कळते.

आता पुन्हा कुक्कूकडे येतो, कारण पीसबदलाच्या वेळापत्रकाबाबत ॲपची सर्वांत गंभीर उणीव तिथे आहे. युरोपात वाढलेले कुक्कूचे पिल्लू आफ्रिकेकडे निघते ते मुख्यतः पहिल्याच पिसाऱ्यातली उड्डाणपिसे घेऊन. अंगावरची काही लहान पिसे निघण्यापूर्वी बदललेली असू शकतात, पण पंख आणि शेपटी यांची मोठी पिसे बदलण्याचे काम हिवाळी मुक्कामावर होते. तो बदलही सरळ क्रमाने होत नाही. बऱ्याच लहान पक्ष्यांत पंखाची मोठी पिसे आतून बाहेरच्या दिशेने एकामागून एक झडतात. कुक्कूच्या कुळात मात्र ती मध्ये एखादे पीस सोडून, उड्या मारल्यासारख्या क्रमाने बदलतात, त्यामुळे पंखात जुनी आणि नवी पिसे आलटून पालटून दिसतात. वसंतात परतलेल्या काही एक वर्षाच्या पक्ष्यांच्या पंखात पट्टेदार जुनी पिसे तशीच राहिलेली असतात.

ॲप मात्र तारीख पाहून निर्णय घेते. उन्हाळ्याच्या सुरुवातीची तारीख दिली की ते ‘प्रौढ’ धरून चालते, आणि पंखात एखाद-दुसरे पट्टेदार पीस दिसले की गडबडून तांबूस मादीकडे वळते. याचे कारण संग्रहात आहे. उन्हाळ्यातल्या युरोपातली छायाचित्रे भरपूर, हिवाळ्यातल्या आफ्रिकेतली तुरळक. मुक्कामावर कुक्कू गप्प असतो, सहसा नजरेला पडत नाही, त्यामुळे ज्या महिन्यांत त्याचा पिसारा बदलतो त्या महिन्यांचे ॲपजवळ फारसे शिक्षण झालेले नाही. उत्तर अमेरिकेतल्या तपकिरी डोक्याच्या काउबर्डवर त्याची उलट बाजू दिसते. घरट्यातून निघालेले पिल्लू करडे-तपकिरी, खाली रेघारेघांचे आणि पाठीवर खवल्यांसारख्या फिकट कडांचे असते. पहिल्याच उन्हाळ्याच्या शेवटी ते जवळजवळ सगळी पिसे, उड्डाणपिसांसह, बदलून टाकते, जे पुष्कळ गाणाऱ्या पक्ष्यांच्या पिल्लांत होत नाही. त्या काळात तरुण नर अर्धा तपकिरी आणि अर्धा काळा, ठिगळे लावल्यासारखा दिसतो. या ठिगळांच्या नराची इतकी छायाचित्रे लोकांनी काढली आहेत की ॲपला तो सहज ओळखता येतो. दोन्ही ठिकाणी तंत्र तेच आहे, फरक फक्त पुरवलेल्या छायाचित्रांचा आहे.

दक्षिण अमेरिकेतला स्क्रीमिंग काउबर्ड ही या परीक्षणातली शेवटची आणि सर्वांत कठीण कसोटी. प्रौढ पक्षी पूर्ण काळा असतो. त्याचे पिल्लू मात्र करडे-तपकिरी अंग आणि तांबूस पंख घेऊन येते, अगदी त्याच्या मुख्य यजमानाच्या, बेविंगच्या, पिल्लांसारखे. एकोणिसाव्या शतकात अर्जेंटिनात निसर्गअभ्यासक विल्यम हेन्री हडसन यांनी हे साम्य टिपले: बेविंगच्या पिल्लांसारखी दिसणारी काही पिल्ले पिसारा बदलू लागताच काळी होतात हे पाहून त्यांना त्यांची खरी जात कळली. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की बेविंग आपल्या घरट्यातून निघालेल्या स्क्रीमिंग काउबर्डच्या पिल्लांना भरवत राहतात, पण शायनी काउबर्ड या दुसऱ्या परभृत जातीच्या न जुळणाऱ्या पिल्लांना घरट्याबाहेर पडल्यावर भरवत नाहीत. बहुतेक परभृत पिल्लांची कसोटी घरट्यातच संपते. इथे ती बाहेर पडल्यावरही चालू राहते, आणि हा पहिला पिसारा त्या कसोटीवर उतरण्यासाठी घडला आहे. त्यामुळे ॲपने या पिल्लाला बेविंग म्हटले याचा मी दोष धरत नाही. दोष आहे तो त्याने दाखवलेल्या भरघोस खात्रीचा. ‘या यजमानासोबत हुबेहूब दिसणारे परभृत पिल्लू असू शकते’ एवढी सूचना पुरेशी होती. छातीवर किंवा पंखावर पहिली काळी पिसे फुटलेले पिल्लू दाखवल्यावर ॲप योग्य नावाकडे वळते खरे, पण तेव्हा ते दुर्बिणीतून पाहणाऱ्यालाही कळलेले असते.

वयाच्या नोंदींबद्दल एक शेवटची तक्रार. ॲपमध्ये वयाचे दोनच कप्पे आहेत, प्रौढ आणि अपरिपक्व. परभृत पिल्लांच्या बाबतीत हे अगदीच अपुरे आहे, कारण पहिला पिसारा, चालू पीसबदल, आणि पीसबदलानंतर काही जुनी पिसे राहिलेला पहिल्या वर्षाचा पक्षी या तिन्ही अवस्था दिसायला वेगवेगळ्या असतात. पिसारे आणि पीसबदल यांना पक्ष्याच्या प्रजननाशी न जोडता नावे देण्याची पद्धत हम्फ्री आणि पार्क्स या पक्षीशास्त्रज्ञांनी 1959 साली मांडली, आणि पहिल्या वर्षातल्या जादा पीसबदलासाठी तिच्यात 2003 साली सुधारणा झाली. ती सगळी परिभाषा सामान्य वापरणाऱ्यावर लादावी असे मी म्हणत नाही. पण चुकीची ओळख दुरुस्त करण्यासाठी ॲपने जो अर्ज दिला आहे त्यात फक्त प्रजातीचे नाव बदलता येते, वय बदलता येत नाही. त्यामुळे ‘अपरिपक्व’ म्हणून गेलेला अर्धवट पिसारा बदललेला तरुण कोकीळ संग्रहात तसाच पडून राहतो आणि पुढच्या वेळी तोच दुसऱ्या कोणाला तरी नमुना म्हणून दाखवला जातो. प्रजाती ओळखण्यासाठी हे ॲप वापरावे. वय आणि पीसबदल यांच्या नोंदी मात्र सध्या स्वतःच्या वहीत ठेवाव्यात, तारखेसह आणि मूळ आकारातल्या छायाचित्रासह.